खालची दांडी माझी

रात्री नऊ वाजता, भांडी घासून झाल्यावर,
ओट्यावरून शेवटचं फडकं फिरवून झाल्यावर
विरूपाक्षला आठवलं,
"आई, उद्या शाळेत केक न्यायचाय.
मी बोट वर केलं होतं."
कधी?
"सोमवारी."
आज गुरुवार.
पोटातूनही हा अकरा दिवस उशिराच आला होता,
तेव्हाच ओळखायला हवं होतं.

उदगिरात एव्हाना दुकानांची शटरं खाली आलेली.
घरात मैदा दीड वाटी, बाकी कणीक.
कोको नाही. त्याच्या दुधात घालायची पावडर आहे,
जी तो पीत नाही, म्हणून भरपूर आहे.

दारात अत्याबाई.
"अंडं न्हाई ना घालायलीस?"
अकरा वर्षांत एकही अंडं या उंबऱ्याच्या आत आलं नाही.
मनात येऊन गेली ती मी मोजत नाही.
"मग फुगंल कशानं?"
"सोड्यानं, अत्या."
"सोडा तर मी कपड्याला टाकते, माय."

ओव्हन हप्त्यावरचा.
सहा फेडले, सहा राहिलेत,
म्हणजे खालची दांडी माझी,
वरची अजून दुकानदाराची.
दोन्ही लाल झाल्या.
विरूपाक्ष काचेला नाक लावून बातम्या देत होता,
"आई, हलला.
आई, त्याला पोट आलं."
बाराव्या मिनिटाला
लाईट गेली.

इथं सांगायला पाहिजे, की माझा नवरा लाईनमन आहे.
गल्लीत अंधार झाला की लोक आमचीच कडी वाजवतात,
जसं काही बटण मी उशाखाली घेऊन झोपते.
फोन लावला. मागं वारा, कुणीतरी शिडी धर म्हणतंय.
"अहो, केक आहे आत."
मन्मथ म्हणाला,
"तक्रार नोंदवून घेतली आहे, मॅडम."
घरी या म्हटलं,
तिथं नोंदवते.

केक खाली बसतो तेव्हा आवाज होतो.
लाईट असताना तो ऐकू येत नाही.
दिवसभराची बाई पलंगाच्या कडेला टेकते ना,
तेवढाच.
"मेला का?" विरूपाक्षनं विचारलं.

"सर बाजूला," अत्याबाई म्हणाल्या
आणि पदर खोचला.
जाड बुडाचं भगुणं, तळाला मीठ, मीठावर ताटली,
ताटलीवर तो आजारी डबा,
वरून झाकण, झाकणावर खलबत्ता.
"बट्ट्या काय मी काचंच्या पेटीत शिकले व्हय?"
मोबाईलच्या उजेडात आम्ही तिघं
भगुण्याभोवती बसलो,
आत आपलं माणूस असल्यासारखे.
बोलायचं तेही हळू.

पाऊण तासानं जे निघालं
त्याला कडेनं डोंगर होते, बुडाला काळं,
आणि मधोमध खड्डा.
"बिदर रोड!" विरूपाक्ष खूष.
मी खड्ड्यात साय-साखर भरली, वर शेंगदाण्याचा कूट,
कुटावर मनुका.
रस्ता गुळगुळीत झाला.
पहिला पाऊस पडेपर्यंत टिकेल असा.

पावणेबाराला लाईट आली, न सांगता,
सगळ्या खोल्यांत एकदम.
ओट्यापाशी अत्याबाई.
पिठाचं वाडगं छातीशी, बोट तोंडात,
वरच्या ओठावर तपकिरी मिशी.
"मीठ बघायले," म्हणाल्या.
केकमध्ये मीठ नव्हतं.
मी काही बोलले नाही.
चमचा दिला.

शुक्रवारी डबा रिकामा आला. आत बाईंची चिठ्ठी,
कृती कळवावी.
लिहायला बसले.
मैदा दीड वाटी. दही आंबट असेल तर बरं.
ओव्हनमध्ये बारा मिनिटं.
मग
इथं अडलंय पेन.
नवऱ्याचा नंबर द्यावा का?